आजीला अंगणात कुणी आणलं?

मुद्रितशोधकानं मजकुरात रमायचं नसतं. रमलं की डोळा पानावर जे आहे ते सोडून, जे असायला हवं ते वाचू लागतो आणि चूक निसटते. अठरा वर्षं मी हे काम करतेय. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, सुटलेला अनुस्वार, बास. पण गेल्या जूनमध्ये मानसशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाची प्रुफं आली आणि 'स्मृती' नावाच्या प्रकरणात, तिसऱ्याच पानावर, मी पेन्सिल खाली ठेवली. उठून पाणी प्यायले. परत येऊन तेच पान पुन्हा वाचलं. मग ऱ्हस्व-दीर्घ गेले बाजूला, आणि ते प्रकरण मी रहस्यकथेसारखं एका बैठकीत संपवलं. मी वाणिज्य शाखेची. मानसशास्त्र म्हणजे डॉक्टरांचा प्रांत, एवढीच माझी समजूत. साधा कागद, साधा प्रश्न आणि थोडे आकडे घेऊन माणसाच्या मनात असं डोकावता येतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळत होतं. आधी कुणीच कसं सांगितलं नाही!

तर ते पान. साल 1974, अमेरिकेतलं वॉशिंग्टन विद्यापीठ. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 45 विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या सात छोट्या फिल्म दाखवल्या. नंतर विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा त्यांचा वेग किती होता? फक्त यातलं 'धडकल्या' हे क्रियापद प्रत्येक गटासाठी वेगळं ठेवलं. एका गटाला विचारलं 'टेकल्या तेव्हा', दुसऱ्याला 'लागल्या तेव्हा', आणखी एकाला 'आदळून चुराडा झाला तेव्हा'. फिल्म सगळ्यांनी त्याच पाहिलेल्या. 'टेकल्या' ऐकणाऱ्यांनी सरासरी वेग सांगितला ताशी 31.8 मैल. 'चुराडा' ऐकणाऱ्यांनी 40.8. नऊ मैलांचा फरक, आणि तो रस्त्यावर कुठेच नव्हता. तो क्रियापदात होता!

शब्द बदलला की अर्थ बदलतो हे मला ठाऊक आहे, त्यावरच माझं पोट आहे. पण शब्द बदलला की डोळ्यांनी पाहिलेलं बदलतं? मी म्हटलं, छे, वेगाचा तो नुसता अंदाज. माणूस शब्दाला भुलून आकडा फुगवून सांगत असेल, पाहिलेलं थोडंच बदलतं. पान उलटलं तर हीच शंका लॉफ्टस यांनाही आलेली! मग त्यांनी 150 विद्यार्थी घेतले, पुन्हा अपघाताची फिल्म, पुन्हा वेगाचा प्रश्न, आणि एक आठवडा जाऊ दिला. आठवड्यानं विचारलं, तुम्ही फुटलेल्या काचा पाहिल्यात का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. ज्या 50 जणांना 'लागल्या' असं विचारलं होतं, त्यांतल्या 7 जणांना काचा आठवल्या. ज्या 50 जणांना 'चुराडा' विचारलं होतं, त्यांतल्या 16 जणांना. आठवडाभर तो शब्द त्यांच्या डोक्यात बसून काचा फोडत होता.

मला एकदम कोर्टातला साक्षीदार दिसला. त्याला पहिला प्रश्न कुणी विचारला, कोणत्या शब्दांत विचारला? अमेरिकेत डीएनए तपासणीनंतर निर्दोष सुटलेल्या शेकडो कैद्यांच्या बहुतांश खटल्यांत प्रत्यक्षदर्शीनं चुकीचा माणूस ओळखला होता. हे साक्षीदार खोटं बोलत होते असं नव्हे. अगदी मनापासून सांगत होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

गेलं नाही म्हणजे, जेवणाच्या ताटावर मी प्रयोगच मांडला. त्याच प्रकरणात डीझ यांनी 1959 साली शोधलेली आणि रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी 1995 साली नव्यानं पुढे आणलेली एक युक्ती होती. एकाच गोष्टीभोवतीचे शब्द वाचून दाखवायचे, पण ती गोष्ट म्हणजे मधला शब्दच गाळायचा. मी मराठीत यादी केली. गादी, उशी, रात्र, जांभई, चादर, डुलकी, स्वप्न, घोरणं, पांघरूण, पेंग, अंगाई, पाळणा, थकवा, गजर, अंथरूण. सावकाश, एकेक शब्द वाचला. ऐकायला नवरा, सासूबाई, लेक आणि वाटीभर साखर मागायला आलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकू. मग दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा. मग प्रत्येकाला कागद दिला, आठवतील ते शब्द लिहा.

चौघांपैकी तिघांनी 'झोप' लिहिलं!

मी यादी पुढे धरली. नवरा दोनदा वरून खाली वाचत राहिला. लेक म्हणाली, तू यादी बदललीस. आणि काकू, ज्यांनी आयुष्यात कधी खोटं बोललेलं मी ऐकलं नाही, त्या म्हणाल्या, "असं कसं? तू झोप म्हणालीस, आणि म्हणताना माझ्याकडे बघून हसलीस की." मला अंगावर काटा आला. कारण रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनाही नेमकं हेच दिसलं होतं. न उच्चारलेला शब्द त्यांच्या विद्यार्थ्यांनी जवळपास निम्म्या वेळा लिहिला, आणि तो म्हटला गेला तो क्षणसुद्धा आठवतोय असं अनेकांनी ठामपणे सांगितलं. ह्यूस्टनमधल्या त्यांच्या विद्यापीठात जे घडलं ते माझ्या स्वयंपाकघरात, साखरेच्या वाटीशेजारी घडलं होतं. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, पंधरा मराठी शब्द आणि चार माणसं! त्यानंतरचे आठ-दहा दिवस घरी आलेल्या एकाही माणसाला मी यादी ऐकवल्याशिवाय चहा दिला नाही.

प्रुफं वेळेत दिली, पण मी त्या विषयातून बाहेर येईना. वाचनालयातून मिळेल ते आणलं. हेर्मान एबिंगहाउस नावाचा जर्मन गृहस्थ मला सापडला आणि मी त्याच्या प्रेमातच पडले. 1885 सालचं त्याचं पुस्तक. विसरण्याचं मोजमाप करायचं म्हणून त्यानं सुमारे 2300 निरर्थक अक्षरगट तयार केले, कारण अर्थ असला की आठवण त्याला लटकते. मग ते स्वतःच पाठ करायचे, विसरायचे, पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो ते टिपायचं. प्रयोग करणाराही तोच आणि ज्याच्यावर प्रयोग होतोय तोही तोच. वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करताना 58 टक्के कष्ट वाचत, एका दिवसानं 34 टक्के, आणि महिनाभरानं 21. म्हणजे जे जायचं ते पहिल्याच दिवशी धो धो वाहून जातं. त्या दिवसातून जे तगलं ते मात्र चिवट निघतं. हे आकडे त्यानं कशाच्या बळावर काढले? नुसत्या चिकाटीच्या!

आणि हेन्री मोलेसन. याच्याविषयी वाचलं त्या दिवशी मी दुसरं काही करू शकले नाही. 1953 साली, सत्ताविसाव्या वर्षी, फिटचे झटके थांबावेत म्हणून अमेरिकेत हार्टफर्डला त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंच्या आतल्या भागाचा एक हिस्सा काढला, हिपोकॅम्पस नावाचा अवयव बराचसा त्यात गेला. झटके कमी झाले. पण त्यानंतर घडलेलं काहीच त्याच्यात मुरेना. बोलणं नीट, बुद्धी नीट, लहानपण आठवतंय, आणि खोलीतून बाहेर जाऊन परत आलेला माणूस मात्र नवा! माँट्रिअलहून ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला येत. त्यांनी त्याला आरशात बघून दोन रेघांमधून चांदणी काढायला दिली. करून बघा, हात उलटाच पळतो. तीन दिवसांत हेन्री ती सफाईनं काढू लागला. आणि दर वेळी त्याला वाटे, असलं काही आपण पहिल्यांदाच करतोय. त्याला आठवत नव्हतं, त्याच्या हाताला आठवत होतं! म्हणजे आठवण ही एक वस्तूच नाही. निदान दोन आहेत, वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या. हेन्रीनं हे पन्नास वर्षांहून अधिक काळ संशोधकांना शिकवलं आणि आपण काय शिकवतोय हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. सुझन कॉर्किन या संशोधिकेनं चार दशकांहून जास्त काळ त्याच्याबरोबर काम केलं. त्याला कॉर्किन आपल्या शाळेतल्या कुणीतरी ओळखीच्या वाटत. 2008 साली तो गेला तेव्हा जगाला त्याचं पूर्ण नाव कळलं. तोवर पुस्तकांत तो फक्त दोन आद्याक्षरं होता. मी ती आद्याक्षरं प्रुफात तपासली होती, मधलं टिंब नीट आहे ना म्हणून.

पण मला ज्यानं मुळापासून हलवलं तो उल्रिक नायसर. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत आकाशात फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अटलांटातल्या एमरी विद्यापीठात नायसर यांनी 106 विद्यार्थ्यांना एक कागद भरायला दिला. बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणाबरोबर, काय करत होतात? कागद जपून ठेवले. अडीच वर्षांनी त्यांतले 44 जण पुन्हा सापडले, त्यांना निकोल हार्श आणि नायसर यांनी तेच प्रश्न विचारले. अगदी तंतोतंत जुळणारे निघाले तिघे. अकरा जणांची आठवण मुख्य मुद्द्यांपैकी एकाही मुद्द्यावर जुळेना! आणि आपल्या आठवणीवर भरवसा किती, तर पाचपैकी सरासरी चारच्या वर. त्यांच्याच अक्षरातला जुना कागद त्यांच्यासमोर ठेवला, तरी जुनी आठवण परत आली नाही. अक्षर आपलं आहे हे दिसतंय, आणि मन मात्र नव्या आठवणीलाच धरून बसलंय.

हे वाचताना मी मनात म्हणत होते, असेल बाबा, पण मला किल्लारीचा भूकंप आठवतो.

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून सगळा मुलूख गाढ झोपलेला. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांत हजारो माणसं दगडामातीच्या भिंतींखाली झोपेतच गेली. आमचं घर सोलापुरात, साखर पेठेत. मी नऊ वर्षांची. फडताळातली भांडी वाजली, वरचा पत्रा थरथरला, वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ओरडून सगळ्यांना उठवलं आणि मी आजीचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर अंगणात आणलं. तिचा हात गार होता. ती "देवा, देवा" म्हणत होती. ही गोष्ट मी तीस वर्षं सांगतेय. लग्न ठरताना नवऱ्याला सांगितलीय, लेकीच्या शाळेत भूकंपाचा धडा होता तेव्हा तिला सांगितलीय. माझ्या लहानपणातली सर्वांत लख्ख गोष्ट कोणती, तर ही.

रात्री साडेदहाला दादाला फोन लावला. तो अजून सोलापुरातच असतो. म्हटलं, भूकंपाच्या रात्री काय झालं ते सगळं सांग, मी मध्ये बोलणार नाही. त्यानं सांगितलं. भांडी, पत्रा, अण्णांची हाक. आणि मग म्हणाला, "मीच आणलो की गं आजीला बाहेर, हाताला धरून." मी म्हटलं, मी आणलं. तो म्हणाला, "तुला अण्णांनी उचलून आणलं. तू तर झोपेतच होतीस. आजीचा हात कसला गार पडलेला, अजून आठवतंय मला."

गार हात! त्याच्याकडेही तोच हात होता!

अण्णा आणि आजी आता नाहीत, आईला त्या रात्रीतलं फारसं सांगता येईना. मग आत्या आठवली. आत्या नगरला, ऐंशीच्या पुढची, आणि आलेली पत्रं तारेला टोचून ठेवायची तिची जुनी सवय. पुढच्या रविवारी मी नगरला गेले. माळ्यावर तीन तारा निघाल्या, वरपासून खालपर्यंत पत्रांनी भरलेल्या. दोन तास लागले. निळं इनलँड, बरोबर मध्यावर तारेचं भोक, तारीख 2 ऑक्टोबर 1993. अण्णांचं अक्षर. ते छापखान्यात जुळारी होते; लिहितानाही खिळे लावल्यासारखं सुटं, सरळ लिहायचे. ती. अक्काच्या सेवेशी, शि. सा. न. वि. वि., आणि मग खुशाली. घराला काही झालं नाही, मागच्या भिंतीला चीर गेली आहे, मुलं घाबरली पण बरी आहेत. आणि पुढे एक ओळ: आई आम्हां सर्वांच्या आधी अंगणात जाऊन उभी होती आणि तिथून एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होती.

आजीला कुणीच आणलं नव्हतं. आजीनं आम्हाला आणलं होतं.

आत्याच्या माळ्यावर, धुळीत, मी ते पत्र घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. मला वाईट वाटलं नाही. मला आनंदानं रडू येत होतं! भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी लिहिलेला नायसरचा कागद माझ्या हातात होता, अटलांटाहून नव्हे, साखर पेठेतून आलेला, माझ्या बापानं भरलेला. आणि दादा आणि मी, दोघांनी, एकमेकांना न विचारता, त्या रात्रीत स्वतःला थोडं मोठं केलं होतं. का? आजीचा हात धरायची इच्छा त्या रात्री दोघांनाही झाली असेल, आणि तीस वर्षांत इच्छेचंच घडलेलं झालं असेल? हे माझं अनुमान, शास्त्र नव्हे. तो गार हात बहुधा नंतरचा आहे. तिच्या आजारपणातला. तेव्हा आम्ही दोघंही तिच्या उशाशी असायचो.

परतीच्या एसटीत मला अण्णांचा छापखाना आठवत राहिला. लोकांना वाटतं छापलेलं पुस्तक कपाटात असतं तशी आठवण डोक्यात असते, हवी तेव्हा काढून बघायची. मलाही तसंच वाटायचं. पण अण्णा काय करायचे? एका हातात स्टिक, दुसऱ्या हातानं केसच्या खणांतून एकेक खिळा वेचायचे, ओळ जुळवायचे, पान बांधायचे, छपाई झाली की फर्मा सोडायचे, खिळे धुवायचे आणि पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. दुसरी आवृत्ती काढायची झाली तर पान पुन्हा पहिल्यापासून जुळवायचं. आणि त्यात नवी चूक शिरायची. म्हणून तर पुन्हा प्रुफं. आठवण अशी जुळवली जाते! दर वेळी नव्यानं, हाताशी असतील त्या खिळ्यांनी, आणि कमी पडला एखादा तर शेजारच्या खणातला घालून.

ही नुसती माझी उपमा राहिली असती तर मी एवढी हरखले नसते. पण उंदरांच्या मेंदूत हे दिसलंय! 2000 साली न्यू यॉर्क विद्यापीठात करीम नाडर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लडू यांनी उंदरांना एक आवाज ऐकवून सोबत विजेचा सौम्य झटका दिला. उंदीर त्या आवाजाला घाबरू लागले, आठवण पक्की झाली. मग तो आवाज पुन्हा एकदा, झटक्याशिवाय, ऐकवला आणि लगेच मेंदूच्या भीतीशी संबंधित भागात नवी प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं. त्यानंतर त्या आवाजाची भीती बरीच ओसरली. आणि गंमत अशी, की आवाज न ऐकवता नुसतं औषध दिलं तर भीती जशीच्या तशी! म्हणजे आठवण काढल्याशिवाय तिला धक्का लागत नाही. काढली की फर्मा सुटतो, आणि ती टिकायची तर पुन्हा जुळवावी लागते. जी आठवण आपण सर्वांत जास्त वेळा काढली, तिलाच बदलायची सर्वांत जास्त संधी मिळाली. मी माझ्या लग्नाच्या, लेकीच्या जन्माच्या, अण्णांच्या शेवटच्या दिवसाच्या आठवणी आता जरा हळू हातानं काढते.

लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांचा 1995 सालचा प्रयोगही मग वाचला. 24 माणसांना त्यांच्या बालपणीच्या तीन खऱ्या गोष्टी आणि पाचव्या वर्षी बाजारसंकुलात हरवल्याची एक बनवलेली गोष्ट सांगितली. जवळपास चौघांतल्या एकाला ती न घडलेली गोष्ट आठवू लागली. मी गड्ड्याच्या जत्रेत हरवले होते असं आई नेहमी सांगते. मला फुगेवाल्याची काठी दिसते, त्यावरचा पिवळा फुगा दिसतो. आईला अजून काही विचारलेलं नाही.

दादाला मात्र नगरहून परतले त्याच रात्री पत्र वाचून दाखवलं होतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. "आजी एकेकाचं नाव घेत होती व्हय," एवढंच म्हणाला.

यंदा दिवाळीला सगळे सोलापुरात जमलो. फराळ झाल्यावर पोरांनी भूकंपाची गोष्ट मागितली आणि दादा सांगू लागला. भांडी वाजली, पत्रा थरथरला, अण्णांनी हाक मारली. आम्ही बाहेर पळालो तर काय, आजी सगळ्यांच्या आधी अंगणात, कडुनिंबाखाली हातात कंदील घेऊन उभी, आणि एकेकाचं नाव घेतेय.

पत्रात कंदील नाही. कडुनिंबही नाही. चतुर्दशीची रात्र ती, पौर्णिमेला एक दिवस उरलेला. ढग नसतील तर अंगणात टिपूर चांदणं असणार, कंदील हवा कुणाला? मी दादाकडे बघितलं. तो पोरांना हातानं कंदिलाची उंची दाखवत होता. बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण तोवर मलाही तो दिसू लागला होता. काच एका बाजूनं काजळलेली, आणि कडी तापली म्हणून आजीनं ती पदरात धरलेली.